रजिस्टर बंद होण्याआधी

सकाळी ६.१५

चाकणच्या एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात पहिली पाळी सातला लागते आणि रात्रपाळी सातला सुटते. रात्रपाळीच्या माणसांशी बोलायचं तर हीच वेळ, म्हणून मी सव्वासहाला मशीन शॉपमध्ये असते. कंपनीत माझं काम बदल व्यवस्थापनाचं. सध्या हातात एकच बदल आहे: प्रत्येक मशीनशेजारी ठेवलेल्या उत्पादन रजिस्टरच्या जागी टॅबलेट. किती पीस निघाले, किती रिजेक्ट गेले, मशीन कधी आणि कशाने थांबलं, हे ऑपरेटरने आता पडद्यावर भरायचं. टॅबलेट बसले, प्रशिक्षण झालं, सूचनाफलकावर परिपत्रक लागलं. रजिस्टरं मात्र चालूच आहेत, आणि टॅबलेटवर जे भरलं जातं त्यावर विश्वास ठेवावा असं फार थोडं आहे.

सीएनसी लाइनच्या टोकाला जे ऑपरेटर आहेत त्यांना सगळे मामा म्हणतात. मी विचारलं, "मामा, रात्रीच्या नोंदी सगळ्या सहा ते साडेसहामध्येच कशा पडतात?"

"मॅडम, हातमोज्याने पडदा चालत नाही. पीस काढला, मोजा काढला, हात पुसला, बोट लावलं, परत मोजा चढवला. तेवढ्यात पुढचा पीस होऊन मशीन उभं. मग मी सहाला बसतो आणि आठवेल तसं भरतो."

म्हणजे टॅबलेटवरची रात्रीची नोंद ही मामांची आठवण आहे, आणि मोजणी मात्र रजिस्टरमध्ये आहे, कारण मोजा घालून पेन धरता येतं. हे प्रशिक्षणाच्या वेळी कुणाच्या लक्षात आलं नाही. प्रशिक्षण एसी हॉलमध्ये, कोरड्या हातांनी झालं होतं. मोज्यानेही धरता येईल अशा जाड स्टायलसची मागणी मी तिथेच उभ्याने स्टोअरला पाठवली.

सकाळी ७.००

पाळी बदलली, बस निघाल्या. मी सुपरवायझरच्या टेबलाशी बसून वही उघडली. पानाच्या मधोमध उभी रेघ असते. डावीकडे बदलाला पुढे रेटणारे जोर, उजवीकडे त्याला धरून ठेवणारे. ही मांडणी कुर्ट लेविन यांची. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये जर्मनी सोडून अमेरिकेत गेलेले हे ज्यू मानसशास्त्रज्ञ. त्यांचं म्हणणं असं की कोणतीही चालू रीत स्थिर दिसते ती दोन्हीकडचे जोर तोलात असतात म्हणून. तिला हलवायचं तर रेटा वाढवता येतो किंवा धरून ठेवणारा जोर कमी करता येतो. रीत दोन्हींनी हलते. पण रेटा वाढवला तर माणसांवरचा ताणही वाढतो, आणि अडवणारं काढून घेतलं तर तेवढाच बदल कमी ताणात होतो.

व्यवस्थापनाच्या वर्गात लेविन यांच्या तीन पायऱ्या तेवढ्या पाठ करून घेतात: गोठलेलं वितळवा, हलवा, पुन्हा गोठवा. १९४७ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी छापून आलेल्या लेखात त्या अगदी थोडक्यात आल्या आहेत. सांगायला सोप्या म्हणून त्यांचाच बोलबाला झाला. मला विचाराल तर लेविन यांची खरी देणगी म्हणजे ही मधली रेघ.

आमच्या वहीत डावी बाजू केव्हाच भरली आहे. प्रत्येक पीसचा माग हवा असा ग्राहकाचा आग्रह, संचालकांचा आदेश, खर्च झालेला पैसा. तिथे आणखी जोर लावायला जागा नाही. उजव्या बाजूला आज मी पहिली ओळ लिहिली: मोजे.

सकाळी ८.३०

सनराइज मीटिंग. उत्पादन, मेंटेनन्स, क्वालिटी, पीपीसी (उत्पादन नियोजन), स्टोअर, सगळ्यांचे प्रमुख बोर्डासमोर उभे. टॅबलेटच्या रकान्यात लाल रंग. उत्पादनप्रमुखांनी सुचवलं की येत्या सोमवारी रजिस्टरं उचलून घेऊ. दुसरी वाटच राहिली नाही की लोक आपोआप वळतील.

माणूस कामाला वाहिलेला आहे आणि त्यांनी जॉन कॉटर वाचले आहेत. कॉटर यांचा १९९५ चा लेख मुळात मोठे बदल का फसतात यावर होता. त्यातल्या आठ चुकांच्या आठ पायऱ्या झाल्या, पुढच्या वर्षी पुस्तक आलं, आणि पहिली पायरी सगळ्यांच्या तोंडी बसली: निकड निर्माण करा. जिथे वरची माणसंच सुस्त असतात तिथे ही पायरी लागतेच. कॉटर कंपनीकडे बघतात ते वरच्या मजल्यावरून, आणि तिथून ते खूप काही बरोबर बघतात. शॉपवरच्या माणसाला मात्र निकड शिकवावी लागत नाही. दर तासाचं टार्गेट त्याच्या डोळ्यासमोर असतं. त्याच आठांतली पाचवी पायरी अडथळे दूर करण्याची आहे, आणि मीटिंगमध्ये तिचं नाव कुणी काढत नाही, कारण अडथळे दूर करायचे म्हटलं की काम आपल्याकडे येतं. निकडीचं काम समोरच्याने करायचं असतं.

मी एवढंच म्हटलं, "सर, रजिस्टरमध्ये अजून काय काय काम होतं ते मला बघू द्या. ते टॅबलेटवर आल्याशिवाय उचलू नका." सोमवार पुढे गेला. किती पुढे, ते मी सांगायचं ठरलं.

सकाळी १०.००

आजच्या दिवसातलं सगळ्यात मोलाचं काम हे. पॅकिंगच्या जागेत एक टेबल, तीन ऑपरेटर, एक सेटर, कोरी कार्डं आणि स्केच पेन.

मशीन थांबलं की टॅबलेट कारण विचारतो. कारणांची यादी सॉफ्टवेअरबरोबर तयार आली. चाळीसहून जास्त कारणं, सगळी इंग्रजीत, वर्णानुक्रमे लावलेली, आणि सगळ्यात वर हवेचा दाब कमी असल्याचं कारण. अहवाल उघडला की शॉपमधला बराचसा बंद वेळ हवेच्या दाबाच्या नावावर दिसतो. कंप्रेसर तर ठणठणीत आहे. यादी खाली सरकवत बसलं तर तेवढा वेळ मशीन आणखी उभं राहतं, म्हणून हात पहिल्याच ओळीवर पडतो. मेंटेनन्सच्या माणसांनी या अहवालावरून हवेच्या लाइनी दोनदा तपासल्या.

मी त्यांना म्हटलं, "ही यादी विसरा. काल तुमचं मशीन कशाकशाने थांबलं, तुमच्या शब्दांत लिहा." कार्डं भराभर पडली. इन्सर्ट बदलला. साइज पळाली. माल आला नाही. क्रेनची वाट. पहिला पीस क्वालिटीकडे. चिप अडकली. लाइट गेली. दोन कार्डांवर वाद झाला. मी 'सेटिंग' आणि 'साइज पळाली' एका गठ्ठ्यात ठेवली होती, तर सेटरने ती वेगळी केली. "मॅडम, सेटिंग ठरवून करतो. साइज पळते तेव्हा मशीन काहीतरी सांगत असतं. दोन्ही एकत्र टाकलीत तर स्पिंडल जायला आला हे तुम्हाला कळणारच नाही." कारखान्यातल्या कोणत्याही अहवालात हा फरक आजवर नव्हता. दहा कारणं ठरली, मराठीत, जास्त लागणारी वर.

अशा टेबलामागे जुना पुरावा आहे. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या मॅरियन गावी हारवूड नावाची पायजमे शिवणारी कंपनी होती. तिथे कामाची पद्धत बदलली की बायका चिडत, उत्पादन घसरे, कित्येकजणी काम सोडून जात. मजुरी नगावर असल्यामुळे नवी पद्धत हाताला बसेपर्यंत कमाई बुडे. लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच यांनी तिथे वेगवेगळ्या गटांत बदल वेगवेगळ्या रीतीने आणून पाहिला. १९४८ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. एका गटाला नवी पद्धत आणि नवे दर समजावून सांगितले, शंका विचारू दिल्या, आणि काम सुरू केलं. एका गटाने आपले प्रतिनिधी निवडून दिले. बाकीच्या दोन गटांत सगळ्यांनीच बसून नवी पद्धत आखली. नुसतं सांगितलेल्या गटातले १७ टक्के लोक पहिल्या ४० दिवसांत सोडून गेले आणि त्या गटाचं उत्पादन वर आलंच नाही. सगळ्यांनी मिळून आखणी केलेल्या गटांतून कुणी गेलं नाही, आणि त्यांचं उत्पादन आधीच्यापेक्षा सुमारे १४ टक्क्यांनी वर गेलं.

या अभ्यासातला पुढचा भाग लोक सांगत नाहीत, आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पहिल्या, फसलेल्या गटातली उरलेली माणसं काही आठवड्यांनी दुसऱ्या कामावर हलवली गेली. या वेळी त्यांना आखणीत घेतलं होतं. तीच माणसं झपाट्याने सावरली आणि पुढे गेली. 'आमचे लोकच असे आहेत' असं मीटिंगमध्ये कुणी म्हटलं की मी हा भाग सांगते.

सकाळी ११.४५

प्रशिक्षण हॉलमध्ये एचआरचं सादरीकरण होतं, नव्या सुपरवायझरांसाठी. जेफ हायट यांचा अडकार नमुना: बदलाची जाणीव, इच्छा, माहिती, जमणं, आणि पक्कं होणं. माणूस कुठल्या पायरीवर अडकलाय हे ओळखायला तो बरा. मामांना जाणीव आहे, इच्छा आहे, माहितीही आहे. जमत नाही ते मोज्यामुळे. हे एवढं कळलं तरी प्रशिक्षणाचा आणखी एक दिवस वाया जायचा वाचतो.

पुढच्या स्लाइडवर दुःखाचा आलेख होता: नकार, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार. त्या स्लाइडबद्दल मी सुट्टीत एचआरच्या सहकाऱ्याशी बोलले. एलिझाबेथ कुबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये हे टप्पे लिहिले ते मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. ते कामगारांना लावले की सेटरचा प्रत्येक आक्षेप 'रागाचा टप्पा' ठरतो आणि कुणी त्याचं उत्तर देत नाही. साइज पळण्याबद्दल तो सकाळी जे बोलला ती चूक नव्हती आणि रागही नव्हता. ती स्लाइड काढायला माझा सहकारी तयार झाला.

तिच्या जागी मी लेविन यांचा युद्धकाळातला एक प्रयोग सुचवला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत चांगल्या मांसाचा तुटवडा पडणार होता, आणि गृहिणींनी हृदय, गुर्दे असे न खपणारे भाग स्वयंपाकात वापरावेत अशी सरकारची इच्छा होती. बायकांच्या काही गटांना पोषणावर चांगलं व्याख्यान दिलं, पाककृती वाटल्या. काही गटांना आपसांत बोलू दिलं: घरच्यांना वास आवडला नाही तर काय, नवरा नाही म्हणाला तर काय. शेवटी कोण करून बघणार ते हात वर करून ठरलं. व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्क्यांनी ते पदार्थ केले, बोलून ठरवलेल्यांपैकी ३२ टक्क्यांनी. सुपरवायझरांना पाळीच्या सुरुवातीला पाच मिनिटं मिळतात. ती भाषणात घालवायची की विचारण्यात, हे यावरून ठरवता येतं.

दुपारी १.००

जेवण लवकर उरकून जुनी रजिस्टरं घेऊन बसले. आकड्यांचे रकाने टॅबलेटमध्ये आले आहेत. शेवटचा शेऱ्याचा रकाना कुठेच आला नाही. त्यात काय काय आहे: 'तीन नंबरचा दरवाजा जोरात लावू नका, सेन्सर सैल.' 'नवीन लॉट कडक आहे, इन्सर्ट लवकर जातो.' 'कूलंट कमी, सकाळी भरणे.' 'ट्रेनी नवीन आहे, पहिले दहा पीस बघा.' एका पानावर दुसऱ्या पाळीने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिसऱ्या पाळीने त्याखाली दिलेलं. समोरासमोर क्वचित भेटणारी माणसं या एका रकान्यातून वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत आली आहेत.

विल्यम ब्रिजेस यांनी १९९१ च्या पुस्तकात म्हटलं आहे की माणसांचा बदल आधीचं काही संपण्यापासून सुरू होतो, आणि काय संपतंय ते नीट ओळखून नाव घेऊन सांगावं लागतं. नुकसान मोजल्याशिवाय लोक नवीन धरत नाहीत. इथे जे संपणार होतं त्याची मोजदाद आराखड्यात कुणीच केली नव्हती. रजिस्टरं सोमवारी उचलली असती तर कुणी संप केला नसता. सैल सेन्सरची खबर पुढच्या पाळीला गेली नसती, एवढंच झालं असतं, आणि महिन्याभराने रिजेक्शन का वाढलं याच्यावर आम्ही बैठका घेत बसलो असतो.

सॉफ्टवेअरवाल्यांना फोन केला. पहिल्या पडद्यावर 'पुढच्या पाळीसाठी' अशी जागा हवी, मराठीत लिहिता आणि बोलून नोंदवता येईल अशी. असा रकाना पहिल्या पडद्यावर बसणार नाही, आत द्यावा लागेल, असं त्यांचं म्हणणं. आतला कुणी उघडणार नाही, असं माझं. बऱ्याच बोलण्यानंतर कंपनीचा लोगो लहान करून जागा निघाली.

दुपारी २.१५

प्लांट हेडच्या केबिनमध्ये, युनियनच्या कमिटीबरोबर. ही बैठक मी आठवडाभर मागत होते. वहीच्या उजव्या बाजूला सगळ्यात जड जोर हा आहे, आणि तो शॉपवर कुणी मोठ्याने बोलत नाही. गेल्या महिन्यात एका ऑपरेटरने मशीन बराच वेळ बंद असल्याची खरी नोंद टॅबलेटवर केली. दोन दिवसांनी त्याला मेमो मिळाला. मशीन बंद होतं ते माल आला नव्हता म्हणून, आणि मेमो पुढे मागे घेतला गेला. पण ती बातमी संध्याकाळपर्यंत तिन्ही पाळ्यांना पोचली होती. तेव्हापासून हवेचा दाब जास्तच कमी व्हायला लागला.

कमिटीच्या वडीलधाऱ्या सभासदांनी शांतपणे मांडलं: "साहेब, रजिस्टरात आम्ही खरं लिहायचो कारण ते सुपरवायझरपुरतं होतं. हे वर थेट जातं. वर गेलं की कागद येतो."

इन्सेंटिव्हचाही प्रश्न होता. टॅबलेट मशीनची सायकल मोजतो, त्यात ट्रायलचे पीसही येतात. रजिस्टरात ऑपरेटर चांगले पीस मोजतो. आकडे जुळत नाहीत आणि पगार आकड्यावर. हारवूडच्या बायकांची मजुरी आणि हे दुखणं एकाच जातीचं आहे. पैशाची शंका मिटल्याशिवाय बाकी कशाचाही उपयोग नाही.

लेखी ठरलं ते असं. तीन महिने टॅबलेटवरच्या बंद वेळेच्या नोंदीवरून कुणावरही वैयक्तिक कारवाई होणार नाही. तोवर इन्सेंटिव्ह जुन्या पद्धतीने मोजला जाईल, दोन्ही आकडे शेजारी शेजारी लावले जातील, आणि फरक का येतो ते कमिटीचा एक सभासद आणि पीपीसी मिळून बघतील. प्लांट हेडनी सही करताना विचारलं, "कुणी गैरफायदा घेतला तर?" मी म्हटलं, घेईलही कुणीतरी, आणि तो आत्ताच्या खोट्या आकड्यांपेक्षा स्वस्त पडेल. त्यांनी सही केली. युनियनचीही झाली.

दुपारी ३.३०

दुसरी पाळी लागली. सकाळची दहा कार्डं मी भिंतीवर लावली आणि दुसऱ्या पाळीला त्यात भर घालायला सांगितलं. एका कंत्राटी मुलीने अकरावं लिहिलं: 'ट्रॉली नाही.' ताई, माल असतो पण आणायला ट्रॉली नसते, असं तिचं म्हणणं. 'माल आला नाही' याचा दोष स्टोअरला लागत होता; ट्रॉली कमी आहेत हे कुठेच दिसत नव्हतं. यादी अकराची झाली.

माणसांना कामाची जुळणी करू दिली तर काय होतं याचा आपल्याकडचाच दाखला अहमदाबादचा आहे. १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राइस तिथल्या कॅलिको मिलमध्ये आले. गौतम साराभाई कंपनीचे प्रमुख होते. कंपनीच्या ज्युबिली मिलमध्ये स्वयंचलित माग बसवले होते, यंत्रं उत्तम होती, तरी कापड हवं तसं निघत नव्हतं. राइस यांना दिसलं की काम बारीक तुकड्यांत वाटलं गेलंय. विणणारा, तुटलेला धागा सांधणारा, माग दुरुस्त करणारा, तेल घालणारा, सगळे एकाच मागावर अवलंबून, पण कोण कुणाच्या हाताखाली, कुणी कुणाला हाक मारायची, याची घडी नव्हती. ठराविक मागांची पूर्ण जबाबदारी घेणारे छोटे गट करावेत ही कल्पना मांडल्यावर सुपरवायझर आणि कामगारांनी ती उचलली, आणि कोण कुणाबरोबर काम करणार हे कामगारांनी स्वतःच ठरवलं. सुरुवातीच्या चढउतारानंतर मागांची कार्यक्षमता वाढली आणि खराब कापड कमी झालं. यंत्रं तीच, माणसं तीच. मुंबईच्या गिरण्यांच्या आठवणींत वाढलेल्या माझ्यासारखीला हा प्रयोग व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात ठळकपणे शिकवला जात नाही याचं वाईट वाटतं.

संध्याकाळी ५.३०

शॉप दुसऱ्या पाळीच्या लयीत आहे. वहीची उजवी बाजू वाचली. मोजे: स्टायलस उद्या. यादी: अकरा कारणं, शुक्रवारी पडद्यावर. मेमो: लेखी. इन्सेंटिव्ह: सुरू. शेरा: जागा मिळाली, वापरून बघायची आहे. ट्रॉली: स्टोअरप्रमुखांशी बोलायचं आहे, आणि ते सोपं जाणार नाही, कारण ट्रॉल्यांची मागणी त्यांनी आधीच केली होती आणि ती नाकारली गेली होती.

अहमदाबादची पुढची हकीकतही मला ध्यानात ठेवावी लागते. राइस यांचे सहकारी एरिक मिलर १९७० मध्ये परत जाऊन बघून आले. काही ठिकाणी गटपद्धत जवळजवळ तशीच टिकली होती, काही ठिकाणी काम हळूहळू जुन्या वळणावर गेलं होतं. सतरा वर्षांत सुपरवायझर बदलतात, मालाची जात बदलते, बाजाराचा दाब येतो. 'पुन्हा गोठवा' ही पायरी एकदा करून संपत नाही. म्हणून तीन महिन्यांनंतरची बैठक मी आत्ताच तारखेसह कमिटीच्या वहीत लिहून घेतली, आणि 'रजिस्टर कधी बंद करायचं' हा त्या बैठकीचा पहिला विषय ठेवला. तोवर शेऱ्याचा रकाना दोन्हीकडे चालेल. टॅबलेटवरचे शेरे रजिस्टरपेक्षा जास्त व्हायला लागले की मला कळेल.

रात्री ११.३०

तिसऱ्या पाळीची माणसं बारा वाजता लागतात. त्यांना प्रशिक्षणासाठी दुपारी बोलावलं की त्यांची झोप जाते आणि रात्री मशीनवर धोका वाढतो, म्हणून त्यांच्यासाठी मीच येते. कॅन्टीनमध्ये चहा, टेबलावर अकरा कार्डं. मामांनी वाचली, बारावं कोरं कार्ड ओढून घेतलं आणि लिहायला लागले.